अक्कलदाढेनंतरची सूज आणि स्टिरॉइडची एक मात्रा

अक्कलदाढ काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा तासाभराच्या आत आटोपते. रुग्णाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. भूल उतरल्यावर उठणारी कळ पहिल्या रात्री वेदनाशामक गोळ्यांनी बरीचशी आटोक्यात येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गाल फुगलेला दिसतो, जबडा आखडतो आणि तोंडात चमचादेखील सरळ जात नाही. ही सूज ४८ ते ७२ तासांपर्यंत वाढत राहते आणि मग ओसरू लागते. परीक्षा, मुलाखत, लग्नकार्य किंवा कार्यालयातील न टाळता येणारे काम चार दिवसांवर आलेल्या माणसाला हे तीन दिवस फार महाग पडतात.

ते सुसह्य व्हावेत म्हणून अनेक मुखशल्यचिकित्सक शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे एक इंजेक्शन देतात किंवा एक-दोन दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. केसपेपरवर 'डेक्सा ८ मि.ग्रॅ.' एवढीच नोंद असते. ती वाचता आली तर रुग्ण दचकतो, कारण 'स्टिरॉइड' या शब्दाची धास्ती समाजात मोठी आहे. याच्या नेमके उलट वागणारेही कमी नाहीत. एकदा गुण आला म्हणून तेच औषध पुढच्या दुखण्याला दुकानातून आणून परस्पर घेणारे रुग्ण दंतवैद्यांच्या परिचयाचे असतात. या दोन टोकांच्या मध्ये वैद्यकीय संशोधनाने साठ-सत्तर वर्षांत बरीच माहिती गोळा केली आहे. एका मात्रेपुरते हे औषध उपयोगी आहे, याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. ते नेमके कशासाठी उपयोगी आणि कोणाला देताना हात आखडता घ्यावा, हा भाग मात्र रुग्णापर्यंत क्वचितच पोहोचतो.

दाढ 'अडते' म्हणजे काय?

तोंडातील सर्वांत मागची, तिसरी दाढ साधारणतः १७ ते २५ या वयात येते. माणसाला अक्कल येण्याचेही हेच वय, असे मानून तिला हे नाव पडले असावे. लॅटिन भाषेतही तिला शहाणपणाचा दात असेच म्हणत. प्रश्न असतो तो जागेचा. जबड्यात पुरेशी जागा उरलेली नसेल तर ही दाढ अर्धवट बाहेर येते, पुढच्या दाढेवर रेलते, कधी आडवी पडते, तर कधी पूर्णपणे हाडातच राहते. अर्धवट आलेल्या दाढेवरील हिरडीच्या झाकणाखाली अन्नकण अडकतात आणि वारंवार संसर्ग होतो.

सरळ आलेली दाढ चिमट्याने काढता येते. तेथे सूज फारशी येत नाही आणि स्टिरॉइडचा विचारही करावा लागत नाही. अडलेल्या दाढेची गोष्ट वेगळी असते. हिरडीला छेद देऊन ती बाजूला करावी लागते, ड्रिलने हाड कोरावे लागते, अनेकदा दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते एकेक बाहेर काढावे लागतात आणि शेवटी टाके घालावे लागतात. खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा कठीण असते आणि चघळण्याचे मोठे स्नायू तेथून जवळच असतात. म्हणून खालची दाढ काढल्यावर सूज आणि जबड्याचा ताठरपणा दोन्ही अधिक. या लेखात जे सांगितले आहे, ते मुख्यतः अशा खालच्या, अडलेल्या दाढेविषयी आहे.

दाढ अडलेली आहे एवढ्याच कारणासाठी ती काढावी काय, हा वेगळा वाद आहे. ब्रिटनमधील 'नाइस' या आरोग्य मार्गदर्शन संस्थेने २००० मध्ये, कोणताही विकार नसलेल्या अडलेल्या दाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, अशी सूचना केली होती. 'सूज येऊ नये म्हणून काय द्याल?' हे विचारण्याआधी 'ही दाढ काढायलाच हवी काय?' हे विचारायला रुग्णाने संकोच करू नये.

सूज का येते?

हाड कोरले गेले आणि पेशी फाटल्या की शरीर त्याला इजा समजते. फाटलेल्या पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यापासून ॲरॅकिडॉनिक आम्ल सुटे होते आणि त्यातून दोन वाटा फुटतात. एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन ही वेदना व दाह वाढवणारी रसायने तयार होतात, दुसरीने ल्युकोट्रिन. या रसायनांमुळे लहान रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी व प्रथिने आजूबाजूच्या ऊतींत झिरपतात, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि गाल फुगतो. जवळचे स्नायू आक्रसतात, म्हणून तोंड उघडत नाही.

आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या यांपैकी पहिलीच वाट अडवतात. स्टिरॉइड त्याहून वर, उगमापाशी काम करते. ॲरॅकिडॉनिक आम्ल मुळात सुटे करणाऱ्या विकरालाच ते आवर घालते, त्यामुळे दोन्ही वाटांचे पाणी आटते. मात्र हा परिणाम पेशीच्या केंद्रातील जनुकांमार्फत, नवी प्रथिने तयार करवून घडतो आणि त्याला तास-दोन तास तरी लागतात. म्हणून सूज येऊन गेल्यावर स्टिरॉइड घेण्यापेक्षा ती येण्यापूर्वी घेण्यात अर्थ असतो. तिसऱ्या दिवशी फुगलेला गाल पाहून स्टिरॉइडची गोळी मागणाऱ्या रुग्णाची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

शरीराचेच रसायन

स्टिरॉइड हा शब्द ऐकताच काहींना व्यायामशाळेतील पिळदार दंड आठवतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक ज्यामुळे गेले ते स्टॅनोझोलॉल स्नायू वाढवणाऱ्या, पुरुषी संप्रेरकासारख्या स्टिरॉइडांपैकी होते. दंतवैद्याकडचे स्टिरॉइड त्या कुळातले नव्हे. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतून रोज स्रवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे भावंड आहे.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९४८ मध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचण्यात आले आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. या कामाबद्दल फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडॉल यांना, स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखस्टाइन यांच्यासह १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दात-जबड्याच्या शस्त्रक्रियांत या औषधांचे प्रयोग १९५० च्या दशकातच सुरू झाले. पुढे प्रयोगशाळेत तयार झालेले डेक्सामेथासोन नैसर्गिक संप्रेरकापेक्षा अनेक पटींनी प्रबळ ठरले. शरीरात मीठ-पाणी साठवून ठेवण्याचा दोष त्यात जवळजवळ नाही आणि त्याचा परिणाम ३६ ते ५४ तास टिकतो. सूज वाढण्याचा काळही साधारण तेवढाच असतो. दंतशल्यचिकित्सेत हे औषध रुजले, त्याचे एक मोठे कारण हेच.

त्याची ताकद आकड्यांत पाहिलेली बरी. ०.७५ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन यांचे दाहशामक बळ सारखे मानले जाते. या हिशेबाने डेक्सामेथासोनचे ८ मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे २०० मिलिग्रॅमहून अधिक. निरोगी शरीर दिवसभरात साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करते. म्हणजे दोन मिलिलिटरच्या त्या छोट्या कुपीत निदान दहा दिवसांचा ऐवज एकदम दिला जातो. ही मात्रा क्षुल्लक नाही. तरीही ती एकदाच दिली जाते आणि दोन-तीन दिवसांत तिचा अंमल संपतो. वर्षानुवर्षे प्रेडनिसोलोन घेणाऱ्या दमेकऱ्यांत किंवा संधिवाताच्या रुग्णांत दिसणारे गोल झालेले तोंड, ठिसूळ हाडे, पातळ झालेली त्वचा हे परिणाम एका मात्रेने होत नाहीत. ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावण्याचा धोकाही प्रामुख्याने तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ चालणाऱ्या उपचारांत असतो.

फरक किती पडतो?

अक्कलदाढेची शस्त्रक्रिया ही वेदनाशास्त्राची आवडती प्रयोगशाळा आहे. रुग्ण बहुतेक तरुण आणि निरोगी असतात, जखम ठरावीक जागी व ठरावीक आकाराची असते आणि एकाच माणसाच्या दोन्ही बाजूंना तशीच दाढ असू शकते. एका वेळी डावी दाढ औषधासह आणि काही आठवड्यांनी उजवी औषधाविना काढली, तर रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच करता येते. सूज मोजण्याची रीतही साधी आहे. कानाच्या पुढील उंचवट्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, डोळ्याच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत अशी अंतरे दोऱ्याने किंवा फितीने शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर घेतली जातात. तोंड किती उघडते ते वरच्या व खालच्या पुढच्या दातांमधील अंतरावरून कळते. वेदना मात्र रुग्णानेच शंभर मिलिमीटरच्या रेषेवर खूण करून सांगायची असते.

अशा अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २००८ मध्ये अमेरिकी मुखशल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. स्टिरॉइड घेतलेल्यांची सूज सौम्य ते मध्यम प्रमाणात कमी होती आणि पहिल्या तीन दिवसांत त्यांचे तोंड सरासरी चार मिलिमीटरच्या आसपास अधिक उघडत होते. नंतरच्या आढाव्यांचा सूरही हाच आहे. सूज आणि जबड्याचा ताठरपणा यांवर परिणाम ठळक दिसतो. वेदनेबाबत निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत. काही चाचण्यांत लाभ दिसला, काहींत नगण्य. सातव्या दिवसापर्यंत दोन्ही गटांतील अंतर बहुधा मिटून जाते.

चार मिलिमीटर म्हणजे किती? निरोगी माणसाचे तोंड ३५ ते ४५ मिलिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये घालता आली तर ते पुरेसे समजतात. शस्त्रक्रियेनंतर हे अंतर निम्म्यावर आले असेल, तर चार मिलिमीटरने घास घेणे आणि दात घासणे थोडे सोपे होते. औषधाचा लाभ हा असा आहे. तो खरा आहे, पण चमत्कार नाही. जखम त्याने लवकर भरत नाही आणि दाढ गेलेल्या खळग्यात हाड तयार व्हायला लागायचे ते महिने लागतातच.

वेदनेसाठी साध्या गोळ्याच पुढे आहेत. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरते. म्हणून स्टिरॉइड मिळाले तरी वेदनाशामक गोळी चिठ्ठीवर राहतेच. स्टिरॉइड तिची जागा घेत नाही.

केव्हा, कोठे, किती?

आपल्याकडे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन सर्रास मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम या प्रमाणात मिळते आणि कुपी दोन मिलिलिटरची असते. ८ मिलिग्रॅम या मात्रेचा प्रसार होण्यात संशोधनाइतकाच या कुपीचाही वाटा असावा. ४ मिलिग्रॅमनेही लाभ दिसल्याचे अनेक चाचण्यांत नोंदले गेले आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन द्यायचे झाल्यास ४० ते १२५ मिलिग्रॅम या पल्ल्यातील मात्रा वापरल्या गेल्या आहेत.

औषध देण्याच्या वाटाही अनेक आहेत. गोळी शस्त्रक्रियेपूर्वी तासभर घेतात. भूल देऊन शस्त्रक्रिया करताना शिरेतून औषध देता येते. तेव्हा ते मळमळ-उलटीलाही आवर घालते. शिरेतून फार वेगाने दिल्यास जांघेत क्षणभर विलक्षण खाज किंवा जळजळ होते, म्हणून ते सावकाश द्यावे लागते. दंड, नितंब किंवा गालाच्या स्नायूतही ते टोचतात. दंतचिकित्सालयांत अधिक सोयीची ठरलेली रीत म्हणजे दाढेजवळच्या हिरडीच्या अस्तराखाली टोचणे. ती जागा आधीच बधिर केलेली असते, त्यामुळे वेगळी सुई जाणवत नाही आणि औषध हवे तेथेच पोहोचते. २०१० च्या दशकात भारतीय संशोधकांनी लिग्नोकेन या भुलीच्या औषधातच डेक्सामेथासोन मिसळून एकच इंजेक्शन देण्याचे प्रयोग केले. या मिश्रणाला 'ट्विन मिक्स' असे नाव पडले. कोणती वाट सर्वश्रेष्ठ यावर अजून एकमत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा तिच्या सुरुवातीला दिलेली मात्रा अधिक उपयोगी पडते, याकडे मात्र कल आहे.

मधुमेह आणि २०२१ ची आठवण

महाराष्ट्रात स्टिरॉइडविषयीची धास्ती २०२१ नंतर वाढली, आणि ती अकारण नव्हती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने थैमान घातले. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या रोगाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. ही बुरशी नाक आणि गालाच्या पोकळीतून वरच्या जबड्यात उतरते. त्यामुळे हलू लागलेले दात आणि हिरडीतून वाहणारा पू घेऊन रुग्ण आधी दंतवैद्याकडे पोहोचत. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही त्यामागची दोन मोठी कारणे होती.

ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्ये याच डेक्सामेथासोनची उपयुक्तता दाखवली होती. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस अशी ती मात्रा होती. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू तिने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र लाभ झाला नाही. प्रत्यक्षात अनेकांनी ते गरज नसताना, जास्त मात्रेत आणि जास्त दिवस घेतले. अक्कलदाढेसाठीची ८ मिलिग्रॅमची एक मात्रा आणि आठवडे-आठवडे चाललेला तो मारा यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही मधुमेह हा दोन्हीकडचा समान धागा आहे आणि तो दुर्लक्षून चालणार नाही.

येथे संशोधनातली एक उणीव लक्षात घ्यायला हवी. अक्कलदाढेवरील बहुतेक चाचण्यांत मधुमेही, गर्भवती, पोटात व्रण असलेले किंवा प्रतिकारशक्ती मंदावलेले रुग्ण घेतलेच जात नाहीत. 'संसर्ग वाढला नाही' हा त्यांचा निष्कर्ष निरोगी तरुणांपुरता आहे. ज्यांना खरी भीती, तेच मोजणीतून बाहेर! ही उणीव काही अंशी भरून निघाली ती दुसऱ्या शाखेतून. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अन्य काही देशांत झालेली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी दातांची नव्हे, मोठ्या शस्त्रक्रियांची होती. तीत ८,७२५ रुग्णांपैकी निम्म्यांना भुलीच्या वेळी डेक्सामेथासोनची ८ मिलिग्रॅमची एकच मात्रा देण्यात आली आणि त्यांत मधुमेहीही होते. जखमेच्या संसर्गाचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ८.१ टक्के आणि न घेतलेल्यांत ९.१ टक्के निघाले. एका मात्रेने संसर्ग वाढत नाही, हा दिलासा त्यातून मिळतो. मात्र ते रुग्ण इस्पितळात देखरेखीखाली होते. दाढ काढून लोकलने घरी जाणाऱ्या रुग्णाची साखर कोण पाहणार?

साखर वाढते, हे निश्चित. ती विशेषतः जेवणानंतर वाढते आणि दिवस-दोन दिवस चढी राहू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. अक्कलदाढ काढणारे बहुतेक तरुण असतात, म्हणून त्यांची साखर तपासण्याचे कोणाच्या मनात येत नाही. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, वजन जास्त असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी एक तपासणी करून घेणे शहाणपणाचे. मधुमेह ठाऊक असलेल्या रुग्णाने गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा अहवाल दंतवैद्याला दाखवावा. साखर आटोक्यात नसेल तर स्टिरॉइड टाळून बर्फ आणि वेदनाशामकांवर भागवता येते. दिलेच तर पुढचे दोन दिवस घरच्या यंत्रावर साखर मोजावी; गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने वाढवू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणखी कोणी सांगायला हवे?

जठरात किंवा आतड्यात व्रण झालेल्यांनी. स्टिरॉइड आणि आयबुप्रोफेनसारखी गोळी एकत्र आल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्षयरोगाचे उपचार चालू असलेल्यांनीही सांगावे, कारण सक्रिय संसर्गात स्टिरॉइड जपून वापरावे लागते आणि रिफाम्पिसिनमुळे ते शरीरातून लवकर निघून जाते. गर्भवतींची दाढ शक्यतो नंतर काढावी. डेक्सामेथासोन वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते. काचबिंदू किंवा तीव्र मानसिक आजार असल्यास तेही लपवू नये. निरोगी माणसालाही त्या रात्री झोप न लागणे, चेहरा लालसर होणे, उगाच उत्साह किंवा चिडचिड वाटणे, क्वचित उचकी लागणे असे त्रास होऊ शकतात. ते आपोआप थांबतात.

दमा, संधिवात, त्वचाविकार यांसाठी आधीपासून स्टिरॉइड घेणाऱ्यांचा प्रश्न उलट आहे. त्यांनी ते अचानक बंद करू नये. त्यांच्या ग्रंथी सुस्तावलेल्या असतात, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी मात्रा वाढवावी लागेल काय, हे आधी ठरवावे लागते.

आपल्या भागात आणखी एक गट आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी-तंबाखूची सवय गेली नाही. या सवयीने गालाचे अस्तर घट्ट होऊन तोंड उघडेनासे होते. अशा रुग्णाची दाढ काढताना मुळातच जागा अपुरी असते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या ताठरपणाची त्यात भर पडते. या विकारावर गालात स्टिरॉइडची इंजेक्शने अनेक आठवडे दिली जातात. ती चालू असतील तर एकूण मात्रेचा हिशेब दंतवैद्याला ठेवता यायला हवा.

स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंसाठीही एक सूचना. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात स्टिरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शने निषिद्ध ठरवली आहेत. दाढेजवळचे इंजेक्शनही त्याला अपवाद नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच संघाच्या डॉक्टरांशी बोलावे.

चिठ्ठीवरील बाकीची औषधे

सुजेसाठी आपल्याकडे सेराशिओपेप्टिडेज हे विकर असलेल्या गोळ्या भरपूर लिहिल्या जातात, बहुधा वेदनाशामकासोबत एकाच गोळीत. या औषधाचा जन्म जपानमधला. तेथे नव्या चाचण्यांत ते परिणामशून्य गोळीपेक्षा सरस ठरले नाही, तेव्हा टाकेदा या मूळ कंपनीनेच २०११ मध्ये ते बाजारातून मागे घेतले. अक्कलदाढेबाबतचे अभ्यास लहान आणि परस्परविरोधी आहेत. स्टिरॉइडला घाबरून याच गोळ्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे.

प्रतिजैविकांचे काम निराळे आहे. ती सूज उतरवत नाहीत. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार साधारण १९ निरोगी व्यक्तींना प्रतिजैविक दिले तर एकाचा संसर्ग टळतो. ती सरसकट द्यावीत काय, हे त्यावरून ज्याने त्याने ठरवावे. दाढेभोवती आधीच पू झालेला असेल तर मात्र तो आधी आटोक्यात आणावा लागतो. त्या अवस्थेत नुसते स्टिरॉइड दिल्यास सूज दबते आणि आतला संसर्ग पसरत राहतो. परस्पर गोळी घेण्यातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. दाढ दुखते, डेक्सामेथासोनच्या गोळ्या काही रुपयांत मिळतात, दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी गळा सुजतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी विकता येत नाही. दुकानदार हा नियम किती पाळतात, ते वाचकांना ठाऊक आहेच.

पहिले सात दिवस

स्टिरॉइड मिळो वा न मिळो, पहिले २४ तास गालावर बाहेरून बर्फ ठेवावा. थोडा वेळ ठेवावा, थोडा वेळ काढावा. घरोघरी गरम शेकाचा आग्रह धरला जातो, पण सुरुवातीला त्याने सूज वाढते. ऊब द्यायची ती दोन दिवसांनंतर, जबडा मोकळा होण्यासाठी. जखमेत हळद, लवंगेचे तेल किंवा तंबाखूची मिश्री भरू नये. पहिल्या दिवशी चूळ भरू नये व स्ट्रॉने काही ओढू नये, कारण खळग्यात गोठलेले रक्त निसटते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याच्या हलक्या चुळा घ्याव्यात. मऊ भात-वरण, खिचडी, ताक, दूध यांवर चार दिवस निघतात. उशी उंच ठेवून झोपल्यास सकाळी गाल थोडा कमी फुगलेला असतो.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ओसरत आलेली वेदना एकाएकी उसळून कानापर्यंत जाऊ लागली आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर खळग्यातील रक्ताची गुठळी गेलेली असण्याची शक्यता असते. दंतवैद्य त्याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक घडते. स्टिरॉइडचा त्यावर इलाज नाही. खळगा धुऊन औषध भरून घ्यावे लागते.

तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, हनुवटीखाली घट्टपणा आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, आवाज बदलला, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला, जिभेखालून गळ्यात पसरणारा संसर्ग आजही जीव घेऊ शकतो. स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णात ताप कमी किंवा मुळीच नसू शकतो, म्हणून 'ताप नाही, काळजी नाही' हा हिशेब येथे चालत नाही. औषध घेतले असल्यास ते कोणते आणि केव्हा, हे तेथील डॉक्टरांना आधी सांगावे.

टाके साधारण सातव्या दिवशी काढतात. त्या दिवशी तोंड किती उघडते हे तीन बोटांनी पाहावे आणि खालचा ओठ किंवा जीभ अजून बधिर वाटत असेल तर त्याची नोंद त्याच भेटीत करून घ्यावी. खालच्या दाढेच्या मुळाशी लागून जाणाऱ्या नसेला धक्का बसला की असे होते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो.